फुटपाथ असताना आई रस्त्यावरून का चालली? टेपनं मोजून आलेय, आता पुढं काय करू?

टेपवाली (नीलमनगर)

नमस्कार. मी सोलापूरची, नीलमनगरात राहते. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात सोळा वर्षं कटिंगला आहे. प्रश्न शेवटी विचारलाय, पण आधी सगळं सांगते. अर्धं सांगितलं की लोक "आईला जपून चालायला सांगा" एवढं म्हणतात आणि विषय संपतो.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, रोजच्या हजार विड्या, आणि संध्याकाळी त्या कारखान्यात द्यायला पायीच. ज्यांच्या घरात विडी वळली जाते त्यांना माहीत असेल, त्या बैठकीनं आधी गुडघे जातात. आता तिला हजार रुपयांच्या थोडी वर पेन्शन येते. ती काढायला ती स्वतः बँकेत जाते. खिडकीवरून नोटा हातात आल्या आणि पासबुकात छापून मिळालं की तिचं समाधान होतं. महिन्यातला तो एक दिवस ती स्वतःच्या पैशासाठी स्वतःच्या पायानं बाहेर पडते, म्हणून मी कधी अडवलं नाही. रिक्षाचे पैसे पुढं केले तर म्हणते, "हजारातनं रिक्षाला घालू का?" घरापासून बँक बाराशे पावलांवर आहे.

डिसेंबरात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अक्कलकोट रोडच्या कडेनं परत येताना तिला मोटरसायकलचा आरसा लागला. ती पडली. उजवं मनगट मोडलं. मुलगा पळाला नाही, हे आधी सांगते. गाडी बाजूला लावून त्यानंच रिक्षा थांबवली, दवाखान्यात आमच्याबरोबर बसला, एक्सरेचे पैसे द्यायला निघाला. वीस-बावीसचा असेल, हात थरथरत होते. निघताना त्यानं मला हळूच विचारलं, "ताई, फुटपाथ असताना आज्जी रस्त्यावरून का चालत होत्या?"

तो मला दोष देत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मलाही उत्तर देता आलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तिथनं जाता येत नाही." एवढंच. जसं काही मी "नळाला पाणी का नाही" असं विचारलंय.

मग पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी माझा शिलाईचा टेप घेऊन गेले. साठ इंची, एका बाजूला सेंटिमीटर. बरोबर पुतण्या, दुसरं टोक धरायला. आई पडली त्या जागेपासून बँकेच्या फाटकापर्यंत एकशे चाळीस पावलांचा तुकडा आहे. वही काढून प्रत्येक अडथळ्यापाशी थांबलो.

भिंतीपासून कडेपर्यंत फुटपाथ ५४ इंच. सुरुवातीला लिंबाचं झाड आहे, त्याचा पार ३० इंच खातो, पण सावली देतो, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. उन्हाळ्यात त्या अख्ख्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना उभं राहायला तेवढीच जागा आहे. पुढं एका दुकानाची लोखंडी पाटी, फुटपाथवरच उभी केलेली. मग सात मोटरसायकली, तिरक्या लावलेल्या. त्यांची मागची चाकं भिंतीला आणि पुढची कडेला, म्हणजे रिकामी जागा शून्य. मग एक गटाराची फरशी नाही. भोक २२ इंच गुणिले १९, आत काळं पाणी आणि कुणीतरी खूण म्हणून उभी केलेली काटकी. मग विजेची डीपी. डीपीची पेटी आणि भिंत यांच्यामध्ये १३ इंच. मी आडवी होऊन गेले तरी पदर पेटीला घासला. त्या पेटीची कडी तुटलेली आहे, दार दोरीनं बांधलंय. आई तिथनं जाणं शक्यच नाही.

आणि उंची. बँकेच्या फाटकाजवळ फुटपाथ रस्त्यापासून १४ इंच वर आहे. आमच्या घराची पायरी सहा इंचांची, ती चढतानाही आई दाराची चौकट धरते. चौदा इंच उतरायचं तर तिला बसावं लागतं. बाईमाणसानं भर रस्त्यावर बसून घसरत उतरायचं का?

अडथळा आला की उतरायचं, संपला की चढायचं. एकशे चाळीस पावलांत असं पाच वेळा होतं. म्हणून ती उतरतच नाही आणि चढतच नाही, सरळ कडेनं रस्त्यावरून चालते. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीच्या दोन पानांत आहे.

त्याच चौकात सिग्नल आहे. रस्ता ओलांडायला १५ सेकंद मिळतात. प्लास्टर निघाल्यावर मी तिला धरून घड्याळ लावलं. तिला ३१ लागले. डिव्हायडरपर्यंतच सिग्नल सुटला आणि आम्ही दोघी मधे, दोन्ही बाजूंनी गाड्या. डिव्हायडर एवढा अरुंद की पाऊल आडवं ठेवावं लागतं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली.

एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले होते. तिथल्या माणसानं पहिली ओळ वाचली आणि "अतिक्रमणाचं टेबल वेगळं" म्हणाला. त्या टेबलावर "विजेच्या पेटीचं आमच्याकडे नाही" असं सांगितलं. फरशीचं तिसरीकडे. एकाच वाटेवरचे अडथळे आहेत, पण प्रत्येकाचा मालक वेगळा.

माझे प्रश्न: फुटपाथ किती रुंद, किती उंच असावा याचा काही नियम आहे का? सिग्नलची वेळ कोण ठरवतं, वाढवता येते का? आणि अर्ज नेमका कसा लिहू, की तो तीन टेबलांत फाटणार नाही?

जुना ओव्हरसिअर

ताई, तुमची मापं वाचून बरं वाटलं. मी बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली, अशा वह्या आम्ही लिहायला हव्या होत्या.

नियम आहे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. तिचा १०३ क्रमांकाचा संकेत पादचाऱ्यांच्या सोयींसाठीच आहे, २०१२ मध्ये सुधारला आणि २०२२ मध्ये पुन्हा. मोकळी चालण्याची रुंदी कमीत कमी १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं नको, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. तुमच्या टेपात सांगतो: साठ इंची टेप पूर्ण पसरून वर अकरा इंच, तेवढी रुंदी. उंची सहा इंच, म्हणजे बरोबर तुमच्या घरच्या पायरीएवढी. "मोकळी" हा शब्द लक्षात ठेवा. भिंतीपासून कडेपर्यंतचं माप नव्हे. झाड, खांब, डीपी, पाटी वगळून जे उरतं ते. कागदावर तुमचा फुटपाथ ५४ इंच, मोकळा १३ इंच. साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच साखळी धरायची.

चौदा इंच का झाले तेही सांगतो. आपल्याकडे फुटपाथ म्हणून जे दिसतं ते बहुतेक ठिकाणी गटाराचं झाकण असतं. आधी गटार बांधतात, गटाराच्या उताराला जी उंची लागेल ती लागते, वर फरश्या टाकतात आणि त्याला फुटपाथ म्हणतात. चालणाऱ्याचा गुडघा त्या हिशेबात कुठंच येत नाही. शिवाय काही जण म्हणतात उंच केला की मोटरसायकली चढत नाहीत. चढतात. दुकानदार फळी लावतो. चढत नाही ती फक्त तुमची आई. गाड्या अडवायच्या तर कड खाली ठेवून तोंडाशी खुंट रोवायचे, मधे व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवून.

सिग्नलचं. पादचाऱ्याची चाल सेकंदाला १.२ मीटर धरायची असा सर्वसाधारण हिशेब आहे. १५ सेकंद म्हणजे १८ मीटर, तुमचा रस्ता साधारण तेवढाच असणार. म्हणजे ज्यानं वेळ लावली त्यानं गुणाकार बरोबर केलाय, पण धडधाकट माणूस धरून. आई १८ मीटरला ३१ सेकंद घेतात, म्हणजे सेकंदाला ५८ सेंटिमीटर. अशा ठिकाणी एक तर वेळ वाढवायची, किंवा डिव्हायडर तोडून मधे ऐसपैस थांबा करायचा, रस्त्याच्याच पातळीला, दोन्ही बाजूंना खुंट. मग रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. शाळा, दवाखाना, बँक जवळ असेल तर दोन्ही मागा. वेळ वाढवायला बांधकाम लागत नाही, म्हणून ते आधी मागा.

अर्जाविषयी: नकाशा काढा. मोठ्या कागदावर दोन रेघा, दर दहा पावलांवर खूण, प्रत्येक खुणेपाशी मोकळी रुंदी आणि उंची. फोटोत टेप दिसू द्या, टेपाशिवाय फोटोला किंमत नाही. आणि सगळ्यात आधी रस्ता कुणाचा ते लेखी विचारा. शहरातून जाणारे मोठे रस्ते कधी महापालिकेचे, कधी सार्वजनिक बांधकामचे, कधी राष्ट्रीय महामार्गाचे असतात. मालक चुकला की वर्ष जातं.

ती उघडी फरशी आणि दोरीनं बांधलेली डीपी मात्र नकाशाची वाट बघत ठेवू नका. पावसाळ्यात दोन्ही जीव घेतात. आजच फोनवर तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या.

भाजीवाली अक्का

मी पण त्याच रोडला गाडा लावते, बँकेपासनं थोडं पुढं. मुलगा टायपून देतोय. ताई तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण एक सांगू का, असा अर्ज गेला की पहिली गाडी आमच्यावर येते. काटा उचलून नेतात, टोपल्या उलट्या करतात. मोटरसायकली सात हायत म्हणता, त्यांना कोण हात लावतं? दुकानाची पाटी तशीच ऱ्हाती. चार दिवसांनी फुटपाथ मोकळा पण ऱ्हात नाय, आमच्या जागी चारचाकी येऊन उभी ऱ्हाती.

माझी आई पण विडी वळायची. मला पण गुडघे हायत, मला पण ते चौदा इंच चढायचं आस्तं. रात्री साडेनऊपर्यंत माझ्या गाड्यावर दिवा आस्तो. कारखान्यातनं सुटलेल्या पोरी त्या उजेडानं जातात, कधी कुणी मागं लागलं तर गाड्यापाशी येऊन थांबतात. मला उठवलं तर तिथं अंधार हाय. हे पण तुमच्या वहीत लिवा.

टेपवाली (नीलमनगर)

अक्का, लिहिते. वही परत बघितली. त्या एकशे चाळीस पावलांत मी सात ठिकाणी अडथळा लिहिलाय. भाजीचा गाडा एकही नाही. एक केळीवाला आहे, तो फुटपाथखाली रस्त्यावर उभा असतो आणि आई पडली तेव्हा पाणी घेऊन पहिला तोच धावला. तुमचं म्हणणं मी अर्जातच घालते, वेगळा परिच्छेद करून: पाटी, मोटरसायकली, फरशी, डीपी हे हलवा, आणि गाडेवाल्यांना उठवू नका, त्यांना मोकळी वाट सोडून जागा आखून द्या. कारखान्यातनं सुटून त्या उजेडानं जाणाऱ्यांत मी पण असते. तुम्हाला ओळखलं बहुतेक. मेथी नेते मी तुमच्याकडून.

काळा कोट

अक्कांसाठी आधी. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण आणि विक्रीचं प्रमाणपत्र यांची तरतूद आहे, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत उठवू नये असंही त्यात आहे. तुमच्या गाड्याची नोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या. ताईंचा अर्ज आणि तुमचा अर्ज एकाच दिवशी दिलात तर दोघींचं वजन वाढेल.

ताई, सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२५ रोजी एस. राजसीकरन यांच्या याचिकेत स्पष्ट म्हटलंय की चालण्यायोग्य, अडथळा नसलेला फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, म्हणजे जगण्याच्या हक्कात. फुटपाथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत, अतिक्रमणं काढली पाहिजेत, असंही त्यात आहे. राजसीकरन हे कोइमतूरचे हाडांचे डॉक्टर. अपघातातली मोडलेली माणसं बघून बघून ते २०१२ मध्ये न्यायालयात गेले. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात या आदेशाची तारीख घाला.

मोटरसायकलींसाठी २०१७ चे मोटार वाहन चालन विनियम: फुटपाथवर वाहन उभं करायला मनाई आहे. तो अर्ज वाहतूक पोलिसांकडे, महापालिकेकडे नको. सिग्नलच्या वेळेसाठीही एक प्रत त्यांना द्याच. महापालिका अधिनियम १९४९ प्रमाणे रस्त्यावरचे अडथळे दूर करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मर्जीचं नव्हे.

कुणी तुम्हाला मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ सांगेल, रस्ता निकषाप्रमाणे नसेल तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. २०१९ ला आलंय, खरं आहे, पण ते मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर. मनगट नीट जुळलं असेल तर त्याच्यामागं लागू नका, आणि ते जुळो हीच इच्छा. त्यापेक्षा दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा: रस्ता कुणाच्या ताब्यात, फुटपाथचं शेवटचं काम कधी, मंजूर रुंदी आणि उंची किती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजूर मापं आणि तुमच्या टेपाची मापं शेजारी शेजारी ठेवली की तीन टेबलांना एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड जाईल.

आकडा हवा असेल तर केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी गेले, रस्ता अपघातातल्या दर पाच मृतांत जवळजवळ एक.

दहाचाकी

मी ट्रक चालवतो, सिझनला उसाचा ट्रॅक्टर पण चालवलाय. कायद्याचं वकील सांगतायत, मी चाकामागनं काय दिसतं ते सांगतो. आईंना नक्की सांगा.

ट्रक सिग्नलला थांबला की माणसं त्याच्या अगदी नाकासमोरनं जातात. थांबलेली गाडी म्हणून भीती वाटत नाही. पण केबिन उंच, समोरचे चार-पाच फूट आम्हाला दिसत नाहीत. उंचीनं कमी बाई वाकून चालत असेल तर डोकंसुद्धा दिसत नाही. सिग्नल सुटला की मी गियर टाकतो, मला वाटतं समोर मोकळं आहे. डाव्या बाजूला चाकाजवळ पण तसंच. जायचं तर दहा-बारा फूट पुढनं जा, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यात बघा. त्यानं मान हलवली तरच पाऊल टाका.

दुसरं, उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक असतात. वळताना ट्रॅक्टर पुढनं जातो पण मागची ट्रॉली आत कापत येते. कोपऱ्यावर कडेला उभ्या माणसाला वाटतं गाडी गेली, आणि मागचं चाक त्याच्यापाशी येतं. कोपऱ्यावर ट्रॉली दिसली की चार पावलं मागं. जिथं फुटपाथवर उभं राहायलाच जागा नाही तिथं माणूस मागं जाणार कुठं, ते मला पण कळतंय. दोन वर्षांपूर्वी एका कोपऱ्यावर एक पोरगं दप्तरासकट माझ्या ट्रॉलीपासून एका हातावर होतं. वाचलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

टेपवाली (नीलमनगर)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दादा, तुमचं आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पोराला सांग जेवत जा म्हणून.

काय झालं ते लिहिते. फरशीची तक्रार फोनवर नोंदवली होती, नवव्या दिवशी नवी फरशी बसली. जुन्यापेक्षा एक इंच वर आलीय, पण भोक बंद झालं. डीपीच्या दाराला कुलूप लागलं. पेटी तिथंच आहे.

नकाशा काढला. आमच्या कारखान्यात मार्कर, म्हणजे कापणीची आखणी, काढायचा लांब तपकिरी कागद असतो, मास्तरांनी तोच दिला. दहा फूट लांब नकाशा झालाय. रविवारी पुन्हा मापं घ्यायला गेलो तेव्हा आई म्हणाली मी येते. नको म्हटलं तर ऐकेना. डावा हात बरा आहे, त्या हातानं तिनं टेपाचं टोक धरलं. लिंबाच्या पारापासून सुरुवात केली. बघता बघता माणसं जमली. केळीवाला, शाळेच्या दोन पोरी, एक पांढरी काठीवाले काका. काकांनी आम्हाला आठवा अडथळा दाखवला, जो मला दिसलाच नव्हता: खांबाची तिरकी ताण दिलेली तार. त्यांच्या कपाळाला तिथं दोनदा लागलंय. काठी खालून जाते, तार वर असते. ओव्हरसिअर काका, तुम्ही २.२ मीटर का लिहिलंत ते तेव्हा कळलं.

मोटरसायकली हलवताना एक माणूस चिडला. "गड्ड्याला सगळा रस्ता तुमचाच असतो की," म्हणाला. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा, त्यात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. आईनं त्याला शांतपणे उत्तर दिलं. म्हणाली, "व्हय, नंदीध्वज येतात तवा मी रस्त्याच्या मधनं चालते, अनवाणी. हजारो माणसं असतात, कुणाचा धक्का लागला तर हात धरतात. यंदा प्लास्टर होतं म्हणून गेले नाही." त्यानं गाडी काढली. रागानं काढली, पण काढली.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. बाकीचे दोन अर्ज तयार आहेत, एक महापालिकेसाठी, एक वाहतूक पोलिसांसाठी. सिग्नल ३५ सेकंद आणि डिव्हायडरमधे थांबा असं लिहिलंय. खाली एकेचाळीस सह्या आणि अकरा अंगठे. अक्कांची सही पहिली आहे, त्यांचा स्वतःचा अर्जही त्याच पिशवीत घातलाय. उद्या सकाळी अकराला दोघी जाणार. आई पण येतेय. जाताना रिक्षानं जाऊ, ते तिनं कबूल केलंय. येताना बँक वाटेत आहे, उद्या पेन्शनची तारीख, म्हणून तिथनं चालत.